वश्याचा दोरा आणि माझा आकडा

वश्या, तुझ्या रक्ताची शेवटची नळी अजून लॅबच्या फ्रीजमध्ये उभी आहे. बुधवारी मी ती काढली, शुक्रवारी तू गेलास आणि काल तुझं तेरावं झालं. जुनी रक्तं आठ दिवसांनी ओतून टाकायची असा आमच्या लॅबचा नियम आहे, आणि तो मीच लावलाय. रोज सकाळी फ्रीज उघडतो, तुझ्या नावाची चिठ्ठी दिसते, शेजारची नळी उचलतो आणि दार लावतो. दुसऱ्या कोणी असा ढिसाळपणा केला असता तर मी त्याची बिनपाण्याने केली असती.

काल सुलभा वहिनीने तुझं पान वाढलं ते बघून हसावं की रडावं कळेना. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, केळं, लोणचं, पापड. दीड वर्ष ज्याला तुझ्या वाऱ्यालाही उभं केलं नाही ते सगळं एका पानात. तू असतास तर म्हणाला असतास, "च्यायला मध्या, मीठ खायला मरावं लागतंय होय रे?" मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, गप रे, जेव.

तिसरीपासूनची दोस्ती आपली. दहिसरची तीच चाळ, तू पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. तू अंग कमावलंस, मी चष्मा कमावला. तू बोरिवलीच्या कारखान्यात फिटर लागलास आणि मी त्याच रस्त्यावरच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायला. माझ्या बापाला छातीत कळ आली तेव्हा तू त्याला पाठुंगळी घेऊन तीन जिने उतरलास आणि नाक्यापर्यंत धावत गेलास. टॅक्सीत बसवेपर्यंत तुझा श्वाससुद्धा वर-खाली झाला नव्हता. बाबा त्यातून आठ वर्षं जगले. त्याबद्दल मी तुझे कधी धड आभार मानले नाहीत. मित्राचे काय आभार मानायचे, असं वाटायचं. आता वाटतं, मानले असते तर काय तोंड झिजलं असतं?

नदीकाठच्या तुझ्या व्यायामशाळेत हनुमान जयंतीला दोरा घ्यायची पद्धत. मारुतीला तेल वाहून झालं की वस्ताद एकेकाच्या दंडाभोवती काळा दोरा फिरवायचे, पुरला तिथे गाठ मारून तोडायचे आणि गेल्या वर्षीच्या दोऱ्याशेजारी धरायचे. कोणी टेप आणली तर खवळायचे. "इंच शिंप्याकडे. इथे माणसाने आपल्याच गेल्या सालाशी झुंजायचं." दोरे घरी न्यायचे. तुझे पंधरा वर्षांचे दोरे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होते.

दुसरा नियम बैठकीचा. पुरता खाली गेलास, पुरता वर आलास, कुठे हात टेकला नाहीस, तरच ती धरायची, म्हणजे मोजायची. वस्ताद थकल्यावर मोजायला तू उभा राहायला लागलास, आणि तू त्यांच्यापेक्षा खडूस. एकदा मला ओढून नेलंस. मी जीव खाऊन वीस मारल्या, तू सहा धरल्यास. मी म्हटलं, "आंधळा आहेस काय रे?" तू म्हणालास, "अर्धी मोजत नाय आपल्याकडे." पुढचे चार दिवस जिना उतरताना मला आई आठवत होती आणि तुझ्यासाठी शिव्या आठवत होत्या. परत काही मी तिकडे फिरकलो नाही.

मग तुझं तोंड सुजायला लागलं. सकाळी डोळे उघडेनात. तू हसण्यावारी नेलंस, म्हणालास, झोप जास्त होतेय. मी रक्त काढून नेलं. आमची ती तपासणी रंगाची असते. रक्तातल्या पाण्यात पिवळं औषध घालायचं, मग नारिंगी रंग चढतो. जेवढा गडद, तेवढा क्रिएटिनीन जास्त, म्हणजे किडनी तेवढी बाद. तुझा रंग बघून मला वाटलं औषध बिघडलं. नवीन बाटली फोडली. परत तोच रंग. तिसऱ्यांदा केलं नाही, स्टुलावर बसून राहिलो. जगात सगळ्यांत आधी मला कळलं की तुझी वाट लागलीय, आणि तू त्या वेळी कारखान्यात मशीनखाली झोपून बोल्ट आवळत होतास.

महापालिकेच्या हॉस्पिटलात सांगितलं, दोन्ही किडन्या आक्रसल्यात. रक्त धुवायच्या मशीनसाठी नंबर लावायचा, आणि नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नव्हतं. तोवर पथ्य. मीठ नाही, डाळ चमचाभर, मटण-मच्छी बंद. मालवणी माणसाची मच्छी बंद म्हणजे अर्धी तिरडी बांधल्यासारखंच. तुझी आई सांबाऱ्याला फोडणी द्यायची तेव्हा तू गॅलरीत जाऊन उभा राहायचास.

तिथल्या ओपीडीत ती चष्मेवाली तरुण डॉक्टरीण भेटली. ती तुला एक वेगळंच बोलली. म्हणाली, पडून राहू नका. किडनी नीट चालत नाही तेव्हा रक्तात आंबटपणा साचतो, तो स्नायू झिजवतो, म्हणून सोड्याच्या गोळ्या घ्या. त्यात खाणं कमी. आणि त्यात माणूस आडवा राहिला की अंगाला वाटतं हे मांस कोणालाच नको आहे, मग ते मोडून खातं. त्याला रोज थोडं काम द्या, म्हणजे मिळेल तो घास ते धरून ठेवतं. खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, गॅलरीत फेऱ्या घाला, पाण्याचा तांब्या हातात घेऊन वर-खाली करा. जोर-बिर नाही, छाती फुगवायची नाही.

तू तिथून निघालास तो घरी बसवलेल्या कामगाराला परत हजेरीवर घेतल्यासारखा. जिना चढताना मला म्हणालास, "ऐकलंस ना, औषध सांगितलंय. मी बैठका मारणार."

"तिने खुर्ची सांगितली."

"खुर्ची म्हणजे म्हाताऱ्यांची बैठक रे."

दोन महिने तू करत होतास. खोटं कशाला बोलू, तू बरा दिसत होतास. भूक लागत होती, कामावर अर्धा दिवस जात होतास. मग एका सोमवारी मी सकाळी रक्त काढायला आलो तर तू घामाने निथळत होतास. दहाच्या चाळीस केल्या होत्यास. मी तसंच रक्त काढलं. आणि आकडा चढला. फार नाही, पण चढला.

त्या संध्याकाळी मी काय तमाशा केला तो अख्ख्या मजल्याने ऐकला. वहिनीला म्हटलं, ह्याच्या पायात बेड्या घाला. तुझी आई रडायला लागली, "झिला, बस रे गप, पाया पडतंय तुझ्या." तू शांतपणे म्हणालास, "डॉक्टरीण बोलली होती ना." त्यावर माझं उत्तर मला अजून ऐकू येतं. "ती पोरगी काल पास झाली. मी बारा वर्षं रक्तात हात घालून बसलोय. आकडा खोटं बोलत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. तू माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा, मला एका हाताने बाजूला सारून बैठका मारू शकला असतास. पण माझ्या आकड्याला तू मान दिलास. म्हणालास, "बरं बाबा, तू सांगतोस म्हणजे असेल." आणि बसलास. डॉक्टरिणीला काही कळवायचं नाही असंही मीच ठरवलं. खुर्ची वहिनीने शेजारी देऊन टाकली.

त्यानंतर आकडा उतरायला लागला, वश्या. महिन्यामागून महिना. मी लॅबमधून सुटलो की खालूनच ओरडत यायचो, "उतरला रे!" वहिनी मारुतीपुढे दिवा लावायची. तू कॉटवर बसून हात वर करायचास. मला वाटायचं, बघा, एका चष्मेवाल्या कारकुंड्याने मोठमोठ्या डॉक्टरांना जमलं नाही ते केलं.

हनुमान जयंतीला तुला व्यायामशाळेपर्यंत जाववेना, म्हणून वस्ताद घरी आले. दोरा फिरवला, गाठ मारली, शेजारी गेल्या वर्षीचा धरला. तीन बोटं कमी. म्हातारा पाणीसुद्धा न पिता गेला. दुसऱ्या दिवशी तू दोन्ही दोरे माझ्यापुढे धरलेस.

"मध्या, तुझा आकडा उतरतोय, माझा दोरा पण उतरतोय. दोघं मिळून चाललेत कुठे?"

"पथ्यावर आहेस. अंग थोडं उतरणारच."

"पण काट्यावर वजन तेवढंच भरतंय."

"मग झालं तर! वजन तेवढंच म्हणजे तू तेवढाच. म्हाताऱ्याने दोरा ढिला धरला असेल."

"पंधरा वर्षांत धरला नाय."

मी हसलो. म्हटलं, सायन्स मोठं की सुतळी मोठी? तू दोरे गुंडाळून डब्यात ठेवलेस. हा आपला वाद तिथेच राहिला. तुझे पाय सुजलेले होते, बोट दाबलं की खड्डा पडायचा. मांस जात होतं आणि त्याच्या जागी पाणी भरत होतं, म्हणून काटा जागचा हलत नव्हता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर. तुझी कानशिलं आत गेली होती, गळ्याची हाडं वर आली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो वळसा मी रोज बोरिवलीपर्यंत घालत होतो.

जूनमध्ये आकडा सगळ्यांत खाली आला. मी चाळीत पेढे वाटले. तुला दुधाचं बंद. तू पेढा हातात घेतलास, नाकाशी नेलास आणि वहिनीला दिलास.

आजारपणात तुझं एकच मागणं होतं. मशीन नको, गावाला नेणं नको, काही नको. "काय व्हायचं ते होऊ दे, पण त्या टोकाच्या संडासात मी माझ्या पायाने जाणार. बायकोला भांडं उचलायला लावणार नाय." आपली ती गॅलरी किती, तर वीस-पंचवीस पावलं. आधी तू कठडा धरून जायला लागलास. मग वहिनी मागे चालायची, हात न लावता, कारण हात लावला तर तू ओरडायचास.

गणपती गेले त्या आठवड्यातली ती दुपार. माझा सुट्टीचा दिवस. वहिनी वर धावत आली, "भावोजी, लवकर या, हे आत गेलेत आणि अर्धा तास झाला." बाहेर तीन माणसं बादल्या घेऊन उभी. आतून तुझा आवाज आला, "उठता येत नाय रे मध्या." फक्त एवढंच. दिवसाला पाचशे बैठका मारणारा तू खाली बसला होतास आणि एका बैठकीएवढं वर यायला तुझ्या मांड्यांत काही उरलं नव्हतं. कडी आतून. मी खांद्याने दार तोडलं. ह्या असल्या खांद्याने. तुला उचललं आणि तू जड नव्हतास, तोवर गोळ्यांनी अंगातलं पाणीही उतरलं होतं. मी, ज्याच्या सहा बैठका धरल्या होत्यास, त्या मी तुला एकट्याने उचललं. घरापर्यंत तू डोळे मिटून होतास. कॉटवर ठेवल्यावर भिंतीकडे तोंड केलंस आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

तुला हॉस्पिटलात नेलं. तीच डॉक्टरीण. तिने तुझी चादर सरकवली, मांडीला हात लावला आणि विचारलं, "व्यायाम कोणी बंद केला?" तू म्हणालास, "मीच. कंटाळा आला." वश्या, तू माझं नाव घेतलं नाहीस. तिथे मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला तुझा राग आला. असला कसला रे मोठेपणा!

बाहेर पॅसेजमध्ये मी तिला गाठलं. सगळे रिपोर्ट दाखवले. म्हटलं, मॅडम, आकडा तर उतरतोय. तिने कागद बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही लॅबमध्ये आहात ना? क्रिएटिनीन येतो कुठून?"

"स्नायूंतून," मी म्हटलं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवतात हे. परीक्षेत लिहून मार्क घेतलेत मी. मांसातून तो तयार होतो आणि किडनी तो बाहेर टाकते. मी बारा वर्षं फक्त किडनी धरून बसलो होतो.

"मांसच उरलं नाही तर आकडा चढणार कुठून?" ती म्हणाली. "किडनी सुधारली नाही त्यांची. माणूस कमी झाला."

"पण व्यायाम केल्यावर चढला होता."

"बैठका मारून उठल्या उठल्या रक्त काढलंत ना? थोडा चढणारच. आणि त्यांनी चाळीस करायला नको होत्या. दहावर आणायचं होतं, बंद नव्हतं करायचं."

मी विचारलं, "केला असता तर वाचला असता?"

ती खोटं बोलली असती तर मी तिचे पाय धरले असते. म्हणाली, "नाही. किडनी वाचली नसती. पाय वाचले असते."

मग तिनेच विचारलं, त्यांना सांगायचं का? मी म्हटलं, मी सांगतो. आणि रोज संध्याकाळी तुझ्या कॉटजवळ येऊन बसलो, वस्तादांचं बोललो, तुझ्या कारखान्याचं बोललो, हवापाण्याचं बोललो. एवढं एक वाक्य काही तोंडातून निघेना. जे पेढे वाटले ते तुझं मांस गेल्याचे वाटले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? वहिनी भांडं उचलत होती. तू तेव्हा छताकडे बघायचास.

मग तो बुधवार. रक्त काढायला तुझ्या दंडाला पट्टा बांधला तर तो दोनदा फिरला. तू विचारलंस, "गेल्या महिन्याचा आकडा काय रे होता?"

"उतरला."

"झकास. मग आता बैठका सुरू करू? आता तर चालेल ना तुझ्या सायन्सला?"

तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं. तू स्वतः दार उघडून दिलं होतंस. मी नळीला चिठ्ठी चिकटवत बसलो आणि म्हटलं, "कर. हळूहळू कर." तू माझ्या मनगटावर थाप मारलीस. त्या हाताला वजन नव्हतं.

माफ कर म्हणायला मी आता लिहितोय, आणि हे वाचायला तू नाहीस. जिवंत होतास तेव्हा माझ्याकडे तीन आठवडे होते.

काल सगळे गेल्यावर वहिनी डबा घेऊन आली. तुझे दोरे. सगळ्यांत वरचा एक नवीन होता. म्हणाली, "गुरुवारी त्यांनी माझ्याकडून दंडाला फिरवून घेतला. काळा नव्हता, शिवणाचाच घेतला." मी तो माझ्या दंडाला लावून बघितला. माझ्या ह्या काडीला. टोकं एकमेकांना टेकली नाहीत, वश्या.

मग ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावोजी, एक निरोप आहे. मला तेव्हा सांगायचं सुचलं नाही. गुरुवारी संध्याकाळी म्हणाले, मध्याने परवानगी दिली, मला उभं कर. खिडकीचे गज धरून उभे राहिले. मग गज सोडले आणि खाली गेले. वर येताना अर्ध्यात थांबले, थरथरत. मी काखेत हात घालून उचललं. धापा टाकत हसत होते. म्हणाले, मध्याला सांग, अर्धी झाली. आपल्याकडे धरत नाहीत, पण ही एक मोज म्हणावं."

आज सकाळी लॅब उघडल्यावर पहिलं काम ते केलं. फ्रीजमधून तुझी नळी काढली, मोरीत ओतली आणि वर भरपूर पाणी सोडलं. रंग बघितला नाही, आकडा काढला नाही. रजिस्टरात तुझ्या नावापुढची जागा कोरीच ठेवली.

आणि तुझी अर्धी मोजली, वश्या. धरली.